आमच्या भजनी मंडळातली चिलटं

चार बायका दर आठवड्याला एकत्र बसल्या की अभंग पाठ होतील याची खात्री नाही, पण किस्से मात्र जमतातच. अभंग पाठ करावा लागतो, त्याची चाल बसवावी लागते. किश्श्याला काहीच करावं लागत नाही. तो घडून जातो आणि मग कुणीतरी तो वर्षभर सांगत राहतं. आमच्या पेणच्या मंडळाकडे असे पुष्कळ साठले आहेत. यंदा मात्र जमले ते सगळे एकाच विषयावरचे, आणि ते सांगताना हसू येण्याआधी मला शरमच वाटते. विषय आहे चिलटं.

चिलटं म्हणजे पिकल्या फळावर घोंघावणारी ती बारीक तपकिरी पाखरं. माशी म्हणावी तर लहान, डास म्हणावा तर चावत नाही. खरं तर चावली असती तर बरं झालं असतं. डास झाले म्हणून कुठली बाई लाजत नाही, कारण डास बाहेरून येतात. चिलटं झाली की लोक थेट त्या घरच्या बाईच्या ओट्याकडे बघतात.

आधी मंडळाबद्दल सांगते. दर गुरुवारी दुपारी आम्ही एकीच्या घरी बसतो. दत्ताचा फोटो, टाळ, पेटी, भजन आणि शेवटी प्रसाद. नलूआक्का आमच्या प्रमुख. शाळेतून निवृत्त झाल्या, पण आवाज अजून वर्गातलाच आहे. मंडळाच्या वर्धापनदिनाला देवाचा नैवेद्य एकाच घरच्या चुलीवर शिजतो, आणि ते घर नलूआक्का निवडतात. नैवेद्याचा नियम कडक. देवाआधी त्याला कुणाचं तोंड लागता कामा नये, माशीचंसुद्धा नाही. मागे एकीच्या खिरीत मुंगी निघाली होती. नलूआक्का तिला एक शब्द बोलल्या नाहीत, ताट फक्त आत पाठवलं. ती बाई पुढे भजनाला यायचीच थांबली.

हा मान माझ्याकडे कधी आला नव्हता. का नाही, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वाट बघायची मला सवय आहे. यंदा दसरा झाल्यावर नलूआक्का टाळ पिशवीत भरताना सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "या वेळी नैवेद्य सुमनकडे."

त्याच आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरात चिलटं झाली.

*

मी काय काय धुतलं ते विचारू नका. मोरी, कचऱ्याचा डबा, कांद्या-बटाट्याची टोपली, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे. फळांवर जाळी घातली, तर चिलटं जाळीच्या आत. जाळी काढली, तर माझ्या तोंडाभोवती.

रोज संध्याकाळी डायरी लिहायची माझी जुनी सवय. दूध किती आलं, गॅस कधी लावला, कोण आलं, कोण गेलं, सगळं लिहिते. पण त्या दिवसांत 'चिलटं' हा शब्द माझ्याने लिहवेना. "ते अजून आहेत," एवढंच लिहायची. पुढेमागे कुणी वाचलं तर वाटेल, पाहुणे आले होते आणि जायचं नाव घेत नव्हते.

अशात नलूआक्का स्वयंपाकघर बघायला आल्या. मी त्यांना फळांकडे पाठ येईल अशी खुर्ची दिली आणि चहा पुढे ठेवला. एक चिलट आलं आणि कपाच्या काठावर बसू लागलं. मी पदराने वारलं. ते आक्कांच्या कानाजवळ गेलं, मी ताटलीने वारलं. ते परत कपाकडे आलं. मी उभी राहून ताटली गोल गोल फिरवायला लागले.

नलूआक्कांनी कप खाली ठेवला.

"सुमन, मला ओवाळतेयस की काय?"

मी म्हटलं, "नाही आक्का, उकडतंय ना."

त्यांनी वर पाहिलं. पंखा पाचावर गरगरत होता.

*

आमचे हे रोह्याकडच्या एका कंपनीत आहेत. शिफ्टवर कुणाला तरी फोनवर एक व्हिडिओ सापडला, तो यांनी घरी येऊन मला दाखवला. वाटीत व्हिनेगर घ्यायचं, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, वर प्लास्टिकचा कागद ताणून बसवायचा आणि त्याला सुईने भोकं पाडायची. चिलटं वासाने आत जातात आणि बाहेर येत नाहीत.

माझ्या घरात व्हिनेगर कधी आलंच नव्हतं. आंबट करायचं तर चिंच आहे, कोकम आहे. दुकानात गेले. पेणमध्ये दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या घरची आमटी कशी असते तेसुद्धा माहीत असतं. त्याने बाटली काढून काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "वहिनी, आज चायनीज वाटतं?"

चिलटांसाठी हवंय, हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारची पुष्पा दारात उभी. पुष्पा धरमतरच्या खाडीकडची, तिच्या माहेरची मिठागरं. बोलणं तसंच खारं आणि स्वच्छ. तिच्या हातात रिकामं पातेलं होतं.

"काय गो सुमन, घरात मंचुरियन करतेस नि शेजारी हाक नाय मारत?"

माझी मान खाली गेली. तिला म्हटलं, जरा वेळ लागेल, घरीच आणून देते. मग कोबी किसला, पीठ कालवलं, भजी तळली आणि जे जे काळं दिसेल ते त्यात ओतलं. सगळं व्हिनेगर त्यातच गेलं. चिलटांना थेंबही मिळाला नाही. पुष्पाच्या घरच्यांनी मिटक्या मारत खाल्लं, ते तिने भजनाला येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं.

पुढच्या गुरुवारी टाळ वाटताना नलूआक्का माझ्यापाशी थांबल्या आणि हळूच विचारलं, "नैवेद्याला पुरणच करणार आहेस ना?"

*

यांनी मग दुसरा उपाय काढला. पाण्याची प्लास्टिकची बाटली वरून कापायची, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवायचा आणि तळाशी पिकलेलं फळ ठेवायचं. आत जायची वाट रुंद, बाहेर यायची अरुंद.

बाटली झाली. फळाशी अडलं. घरात फळ म्हणजे केळी, आणि केळी सगळी प्रसादाची.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्या मंडळात हिराकाकू आहेत, याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या भावाची रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठाला वाडी आहे. तिथून काकूंकडे केळ्यांचे घड येतात आणि दर गुरुवारी प्रसाद म्हणून प्रत्येकीच्या ओंजळीत पडतात. हिरवी असतात, म्हणून घरी नेऊन पिकवायची. यांना साखरेचा त्रास, मला केळ्याने कफ होतो. पण प्रसादाला नाही म्हणता येत नाही आणि प्रसाद टाकताही येत नाही. म्हणून ती टोपलीत बसून राहतात. आधी पिवळी होतात, मग ठिपक्यांची, मग काळी.

मी यांना म्हटलं, प्रसाद लावून जीव मारायचे, हे काही बरं नाही.

यांनी केळं सोलून बाटलीत टाकलंसुद्धा. "प्रसाद खाऊन मरतील, सरळ वर जातील. आपल्याला तरी एवढं सुख मिळणार आहे का?"

सकाळपर्यंत बाटलीचा तळ दिसेना. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाटलीला चोरून नमस्कार केला आणि ती पदराखाली धरून खालच्या कचरापेटीकडे निघाले.

वाटेत हिराकाकू भेटल्या. त्यांनीही पदराखाली काहीतरी धरलं होतं. त्या म्हणाल्या, जरा पाय मोकळे करायला आले. मीही म्हटलं, मी पण. दोघींनी कचरापेटीला एक प्रदक्षिणा घातली आणि आपापले पदर सांभाळत परत वर गेलो. त्यांच्या पदराखाली काय होतं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

*

हा किस्सा मी वगळणार होते. पण तो वगळला तर बाकीच्यांना काही अर्थ राहत नाही.

बाटलीतली चिलटं गेली, तरी नवी येतच होती. यांच्या कंपनीतल्या खाडीकाठच्या एका माणसाने सांगितलं, केळं-बिळं सोडा, माडी ठेवा. चिलटांना माडीसारखं दुसरं काही नाही. त्याने कागदात गुंडाळून बाटली दिलीसुद्धा.

आमच्या यांनी जन्मात कधी घेतलेली नाही. लग्नाकार्यातसुद्धा पेला पुढे आला की उठून हात धुवायला जातात. ती बाटली काखेत मारून हे पेण स्टेशनवर उतरले, चालत आले, आणि इमारतीच्या जिन्यात नलूआक्का समोर! माडी हलली की फसफसते, हे यांना कुठून माहीत असणार? बूच उडालं. फेस यांच्या शर्टावर, पायरीवर आणि थोडा आक्कांच्या चपलेवर. हे तसेच ओल्या शर्टाने वर आले. आक्का चप्पल झटकून खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. बसल्यासुद्धा नाहीत. माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "कधीपासून?"

त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. एका वाक्यात सांगून झालं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर नैवेद्याचं ताट होतं, आणि ते आत पाठवणारा त्यांचा हात होता. मी खाली बघून म्हटलं, "थोडंच असतं हो, आक्का."

नवरा पितो म्हणायला माझी जीभ वळली, चिलटं झालीत म्हणायला वळली नाही. हे लिहितानाही कान गरम होतात.

जाताना त्यांनी यांच्यासाठी तुळशीची माळ दिली. हे ड्यूटीवरून आले तेव्हा ती त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी विचारलं, मला कशाला? मी सगळं सांगितलं. यांनी माळ उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "चिलटं झालीत म्हणून सांगितलं असतंस तर?"

मी म्हटलं, "नैवेद्य गेला असता."

यांनी माळ गळ्यात घातली. तेव्हापासून जिन्यात नलूआक्का दिसल्या की हे खरोखर पिणाऱ्या माणसासारखी मान खाली घालून भिंतीकडेने जातात. आक्का पुढे गेल्यावर हे मला म्हणतात, हळूहळू सुटतंय म्हणून सांग.

*

मग गुरुवार आला हिराकाकूंचा. मी पाणी घ्यायला आत गेले, तर पिठाच्या डब्यामागे बाटली. तशीच कापलेली, तसंच उलटं बसवलेलं तोंड, आणि तळाशी केळं. मागे पावलं वाजली. हिराकाकू दारात उभ्या होत्या.

त्या म्हणाल्या, झाड लावायचंय त्यात. मी म्हटलं, छान येईल.

त्यानंतरचा गुरुवार पुष्पाचा. तिच्या सिलिंडरमागे वाटी, वर प्लास्टिकचा कागद, कागदाला भोकं. मी बघत असतानाच पुष्पा आली. तिला झाडबीड सुचलं नाही.

"बघतेस काय? तुज्या घरी नाय काय?"

मी नाही म्हटलं.

"मग जिन्यात सांडली ती माडी कुनासाठी गो? भावजी तर सोडासुद्धा पीत नाय."

मी त्या दिवशी पुष्पाच्या ओट्याला टेकून खाली बसले. भजन संपून बायका गेल्या होत्या, नलूआक्काही गेल्या होत्या. फक्त हिराकाकू मागे राहिल्या होत्या. त्या देवापुढचं फळांचं ताट घेऊन आत आल्या, आणि ताटाकडे माझं लक्ष गेलं. वरची केळी हिरवी होती. खाली एक काळं पडलेलं, मऊ झालेलं, आणि त्याच्यावर वाळलेलं कुंकवाचं बोट. केळ्यांना कुंकू लावते ती मी एकटी. ते केळं माझ्या घरून प्रसाद म्हणून गेलं होतं, हिराकाकूंच्या ओंजळीत मीच घातलं होतं.

मी काकूंकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"माजी साखर वाढलेली हाय. खाता येत नाय, टाकवत नाय. म्हनून देवापुढं ठेवायच्या फळांत गुपचूप घातलं. देवाचं देवाला."

पुष्पा म्हणाली, "मी तर कधीपासून तुमच्याच ताटात घालते."

माझी मान वर होईना, कारण पुष्पाच्या ताटात घालण्यासाठी आणलेली दोन केळी माझ्या पिशवीत होती.

म्हणजे एकीची केळी दुसरीकडे, दुसरीची तिसरीकडे, आणि त्यांच्यासोबत त्यांची लेकरंबाळं. आम्ही आपापलं घर घासत होतो आणि दर गुरुवारी चिलटं टोपलीत घालून पुढच्या घरी पोचती करत होतो.

पुष्पा हसायला लागली. "आपली चिलटं पन भजनी मंडळातलीच की गो. दर गुरवारी घर बदलतात."

त्या दुपारी आम्ही तिघींनी तिन्ही घरांतली केळी गोळा केली, कुस्करली, गूळ आणि तांदळाचं पीठ घालून घारगे केले आणि इमारतीतल्या सगळ्या पोरांना वाटले. प्रसाद पोटात गेला, टाकला नाही. नलूआक्कांना सांगायला मात्र तिघींपैकी कुणीच तयार नव्हतं. शेवटी हिराकाकूंनी मार्ग काढला. पुढच्या गुरुवारी प्रसादाला खडीसाखर बघून आक्कांनी विचारलं, तेव्हा काकूंनी सांगितलं की वाडीत वानरं शिरली, यंदा केळी नाहीत.

नलूआक्कांनी सुटकेचा श्वास टाकला असं मला वाटलं. मला तेव्हा तो भासच वाटला होता.

*

वर्धापनदिनाला रोह्याच्या मंडळाला बोलवायची पद्धत आहे. नलूआक्का या वेळी मला सोबत घेऊन आमंत्रणाला गेल्या. रोह्याच्या मंडळाच्या प्रमुख बाईंचं स्वयंपाकघर बघून मी पाय ठेवायला बिचकले. ओटा असा की त्यात तोंड दिसावं. त्या बोलता बोलता म्हणाल्या, या दिवसांत लोकांकडे फार चिलटं होतात, आमच्याकडे मात्र औषधालासुद्धा सापडणार नाही. मी हूं म्हटलं. नलूआक्काही हूं म्हणाल्या.

निघताना त्यांनी आमच्या हातात पिशवी ठेवली. त्यांच्या देवापुढची केळी. प्रसाद.

परतीच्या गाडीत पिशवी आमच्या दोघींच्या मध्ये होती. नागोठणं गेलं, कासू गेलं, पिशवीला कुणी हात लावला नाही. समोर एक बाई बसली होती, मांडीवर भाताचं गाठोडं. पेण जवळ आलं तसं नलूआक्कांनी तिला विचारलं, कुठे उतरणार. ती म्हणाली, जित्याला.

आक्कांनी पिशवी उचलून तिच्या मांडीवर ठेवली. "दत्ताचा प्रसाद आहे. घरी सगळ्यांना द्या."

बाईने पिशवी कपाळाला लावली. आम्ही उतरलो. फलाटावरून चालताना आक्का माझ्याकडे बघत नव्हत्या, मी त्यांच्याकडे बघत नव्हते. रिक्षा स्टँड आला तेव्हा त्या म्हणाल्या, "प्रसाद वाटावा गं. साठवू नये."

*

वर्धापनदिनाला मी पहाटे उठून अंघोळ केली आणि गॅस पेटवला. पुरण, वरण-भात, वालाचं बिरडं, अळूवड्या, तांदळाची खीर. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, घाम पुसायला वेगळं फडकं. स्वयंपाकघरात एक चिलट नव्हतं. सगळ्या बाटल्या आणि वाट्या मी आदल्या दिवशीच बाहेर काढल्या होत्या. पुष्पा बाहेरून दार धरून उभी होती, कुणाला आत येऊ देत नव्हती. हिराकाकू ताटावर झाकण धरून माझ्यासोबत देवापर्यंत चालत आल्या.

आमची बाहेरची खोली भरली होती. पेणच्या आमच्या बायका एका बाजूला, रोह्याच्या दुसऱ्या. रोह्याच्या प्रमुख बाई देवाच्या अगदी जवळ बसल्या होत्या आणि त्यांनी आणलेली फुलाफळांची परडी ताटाला लागून ठेवली होती. तिच्यात केळी होती, चांगली पिकलेली.

नलूआक्कांनी झाकण काढलं. पुरणाचा वास सुटला. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं.

परडीतून एक चिलट उठलं.

ते आधी समईकडे गेलं. मग फोटोच्या हारावर बसलं. मग उठलं आणि खिरीच्या वाटीवर घिरट्या घालायला लागलं. माझ्या शेजारी पुष्पाने माझा हात धरला. मी आक्कांकडे बघितलं. त्यांनी ते पाहिलं होतं. चिलट त्यांच्या नजरेसमोरच होतं, वाटीपासून वीतभर वर. रोह्याच्या बाई अजून आपल्या बायकांना सरकून बसायला सांगत होत्या, पण आता त्यांची मान वळत होती.

आमच्या मंडळात नैवेद्य दाखवला की सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं असतं. देव जेवताना कुणी बघायचं नाही. त्याआधी नलूआक्का एक पूर्ण अभंग म्हणतात, मग सांगतात डोळे मिटायला. त्या दिवशी त्यांनी अभंग घेतलाच नाही.

"मिटा डोळे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी. घट्ट."

खोलीतल्या सगळ्या बायकांनी डोळे मिटले. मीही मिटले. आता झाकणाचा आवाज येईल, मग ताट उचलल्याचा, मग कुणाची तरी पावलं आतल्या बाजूला जातील. मी ती पावलं ऐकायची तयारी करत होते.

टाळी वाजली. एकच.

मग काही नाही. समईची वात तडतडली तेवढीच.

"देव जेवला," नलूआक्का म्हणाल्या.

डोळे उघडले. ताट जागच्या जागी होतं. खिरीवरची साय मोडलेली नव्हती. नलूआक्का देवापुढे हात जोडून बसल्या होत्या, तळव्याला तळवा घट्ट लावून.

आरतीचं तबक त्यांनी पुष्पाला घ्यायला सांगितलं. प्रसाद वाटायला हिराकाकूंना सांगितलं. कुंकू लावायला रोह्याच्या बाई पुढे झाल्या, तेव्हा आक्कांनी हात न सोडता कपाळ पुढे केलं.

रोह्याच्या बाईंनी कुंकू लावलं आणि हळू आवाजात विचारलं, "आक्का, मघाशी टाळी कसली वाजली हो?"

नलूआक्कांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. हात जोडलेलेच होते.

"देव जेवला की आमच्याकडे वाजते," त्या म्हणाल्या. "सुमन, पानं वाढायला घे."